सभासद (शब्द)

सभासद हा मराठीत नित्य वापरला जाणारा तत्सम शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'सभेत बसणारा' असा आहे. आधुनिक व्यवहारात तो एखादी संस्था, मंडळ, पक्ष किंवा कायदेमंडळ यांत रीतसर नोंद असलेल्या व्यक्तीसाठी योजला जातो. मूळ अर्थ बसण्याच्या क्रियेचा आहे, तर प्रचलित अर्थ नोंदीचा आणि वर्गणीचा. या दोन अर्थांमधील अंतर कसे पडत गेले आणि बसण्याचा अधिकार वेळोवेळी कोणाला मिळाला, कोणाला नाकारला गेला, हा या शब्दाच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय. 'सोबत बसणारा' या अर्थाचा 'कोन्सेस्सोर' हा लॅटिन शब्द त्याचा जवळचा नातलग आहे.

व्युत्पत्ती आणि व्याकरण

मूळ संस्कृत शब्द 'सभासद्' असा व्यंजनान्त आहे. 'सभा' या नामाला 'सद्' म्हणजे बसणे हा धातू जोडून तो सिद्ध होतो. मराठीत तो अकारान्त झाला. सभासदाने, सभासदाला अशी त्याची रूपे होतात. अनेकवचनी सरळरूप 'सभासद' असेच राहते आणि सामान्यरूप 'सभासदां-' होते. स्त्रियांसाठी वेगळे रूप रूढ झालेले नाही. 'महिला सभासद' असे म्हणून काम भागवले जाते. 'सदस्य' या पर्यायी शब्दाचे 'सदस्या' हे रूप मात्र छापील मराठीत सर्रास दिसते.

'सद्' धातूचा परिवार मोठा आहे. 'संसद' म्हणजे एकत्र बसणे, 'परिषद' म्हणजे भोवती बसणे, 'उपनिषद' म्हणजे जवळ खाली बसणे. सोमयागात ऋत्विज ज्या मंडपात बसत त्याला 'सदस्' म्हणत आणि तेथे बसणारा तो 'सदस्य'. कौषीतकी शाखेच्या परंपरेत सोळा ऋत्विजांखेरीज सतरावा ऋत्विज म्हणून सदस्याची योजना असे आणि कर्मावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम असे. आज ग्रामपंचायतीच्या फलकावर 'सदस्य' हा शब्द वाचताना यज्ञमंडपाची आठवण कोणाला होत नाही, हे स्वाभाविकच आहे. 'सत्र' हा शब्दही याच धातूपासून आला आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या सोमयागाचे ते नाव. अन्नसत्र, शैक्षणिक सत्र, सत्र न्यायालय ही त्याची पुढची रूपे होत.

'सभा' या पूर्वपदाची व्युत्पत्ती तितकी निःसंशय नाही. 'जेथे सर्व मिळून शोभतात ती' असा अर्थ परंपरेने 'स' आणि 'भा' यांच्या जोडणीतून लावला. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ तिचा संबंध जर्मन भाषांतील आप्तसमूहवाचक शब्दांशी जोडतात. सभेत शोभणारा तो 'सभ्य'. गुजराती आणि बंगाली भाषांत या शब्दाचा 'सभासद' हाच अर्थ आजही चालतो. मराठीत तो सरकून 'शिष्ट, सुसंस्कृत' असा झाला. ज्याला सभेत जागा नाही तो आपोआप 'असभ्य' ठरला, ही त्या सरकण्याची दुसरी बाजू होय.

लॅटिन 'कोन्सेस्सोर' आणि इतर भाषांतील प्रतिशब्द

लॅटिन भाषेतील 'सेदेरे' हे क्रियापद आणि संस्कृत 'सद्' हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे दोन फुटवे आहेत. 'सह' या अर्थाचा उपसर्ग लागून 'कोन्सेस्सोर', म्हणजे शेजारी किंवा सोबत बसणारा, हे पुल्लिंगी नाम तयार झाले. त्याचे अनेकवचन 'कोन्सेस्सोरेस'. न्यायासनावर एकत्र बसणारे, नाट्यगृहात किंवा खेळांच्या वेळी शेजारच्या आसनावर बसणारे, अशा दोन्ही प्रसंगी तो वापरला जाई. अशा बसलेल्या समुदायाला 'कोन्सेस्सुस' म्हणत. व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात खेळ पाहण्यास जमलेल्या समुदायासाठी हा शब्द आला आहे.

या शब्दाचे सर्वांत बोलके उदाहरण लिव्ही या इतिहासकाराच्या ग्रंथात आढळते. इसवी सनापूर्वी १९४ मध्ये रोम नगरातील खेळांच्या वेळी सिनेटच्या सभासदांना सामान्य जनतेपासून वेगळे बसवण्याची व्यवस्था प्रथमच करण्यात आली. तोपर्यंत साडेपाचशेहून अधिक वर्षे सारे नागरिक मिसळून बसत होते. लिव्हीने त्या वेळच्या लोकापवादाची नोंद केली आहे. इतकी वर्षे चालले ते आता का चालू नये आणि श्रीमंताला गरीब माणूस 'कोन्सेस्सोर' म्हणून अचानक का नकोसा व्हावा, असा लोकांचा सवाल होता. त्या वर्षी कॉन्सल असलेला आफ्रिकानुस स्किपिओ याने या व्यवस्थेला पाठिंबा दिला होता. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, अशी वदंताही लिव्ही नोंदवतो. मात्र प्रथा मागे फिरली नाही. इसवी सनापूर्वी ६७ मधील रोस्किउसच्या कायद्याने नाट्यगृहातील पुढच्या चौदा रांगा धनिक अश्वारूढ वर्गासाठी राखून ठेवल्या.

याच क्रियापदापासून झालेले आणखी काही शब्द इंग्रजीमार्फत मराठीत पोहोचले आहेत. 'असेसर' म्हणजे जवळ बसणारा, 'प्रेसिडेंट' म्हणजे पुढे बसणारा आणि 'सेशन' म्हणजे बैठक. सेशन्स कोर्टाला मराठीत 'सत्र न्यायालय' हे नाव मिळाले, तेव्हा एकाच मुळाचे दोन शब्द फार लांबचा फेरा घेऊन एका पाटीवर भेटले. ग्रीक भाषेत याच मुळापासून 'सिनेद्रिऑन' म्हणजे एकत्र बसणाऱ्यांचे मंडळ हा शब्द झाला आणि ज्यू लोकांच्या सर्वोच्च न्यायसभेचे 'सँहेड्रिन' हे नाव त्यावरून पडले.

फारसीतील 'निशीन' हे उत्तरपद संस्कृत 'नि' आणि 'सद्' यांचेच इराणी रूप आहे. मराठीतील गादीनशीन, तख्तनशीन हे शब्द त्यातले. फारसी-उर्दूतील 'हमनशीन' म्हणजे सोबत बसणारा, म्हणून सोबती. अर्थाच्या दृष्टीने लॅटिन शब्दाला याहून जवळचा प्रतिशब्द सापडणे कठीण. अरबीतील 'मजलिस' हा शब्द वेगळ्या भाषाकुळातला असला, तरी तोही 'बसणे' याच अर्थाच्या धातूपासून आला आहे. मराठीत त्याची 'मजलस' झाली.

देशी मराठीने या अर्थासाठी एक नाम घडवण्याऐवजी वाक्प्रचार घडवले. एखाद्याची 'ऊठबस' कोणात आहे यावरून त्याची योग्यता ठरवली जाते. बरोबरीच्या नात्याने वागण्याला 'मांडीला मांडी लावून बसणे' म्हणतात. लॅटिन 'कोन्सेस्सोर'चे भाषांतर करू पाहणाऱ्याने शब्दकोशापेक्षा या वाक्प्रचारांकडे जावे हे बरे.

वैदिक आणि स्मृतिवाङ्मय

'सभासद' हा शब्द अथर्ववेदात आला आहे. सातव्या कांडातील एका सूक्तात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या कन्या म्हटले असून, सभेतील सर्व सभासदांनी आपल्याशी एकमताने बोलावे अशी प्रार्थना केली आहे. तिसऱ्या कांडात यमाचे सभासद येतात. ते मृताच्या पुण्याचा सोळावा भाग वाटून घेतात.

धर्मशास्त्रात सभासद म्हणजे राजाच्या न्यायसभेत बसून निर्णयास साहाय्य करणारा विद्वान. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आरंभीच त्याची लक्षणे दिली आहेत. तो अध्ययनसंपन्न, धर्म जाणणारा, सत्य बोलणारा आणि शत्रुमित्रांना समान लेखणारा असावा. लोभ, भय किंवा आसक्ती यांमुळे त्याने चुकीचा निर्णय दिल्यास वादात हरणाऱ्यास होणाऱ्या दंडाच्या दुप्पट दंड प्रत्येक सभासदाला वेगवेगळा करावा, असेही तेथे सांगितले आहे. या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिली. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सभासदाची जबाबदारी अधिक कठोर शब्दांत सांगितली आहे. एक तर सभेत जाऊ नये आणि गेल्यास योग्य तेच बोलावे. गप्प बसणारा आणि खोटे बोलणारा हे दोघेही सारखेच दोषी. अन्यायाच्या पापाचे चार वाटे पडतात. एक करणाऱ्याला, एक साक्षीदाराला, एक राजाला आणि एक सभासदांना. केवळ तेथे बसलेले असणे हीच येथे जबाबदारी आहे. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीचा प्रश्न ऐकून बसून राहिलेले सभासद हे या तत्त्वाचे सर्वज्ञात उदाहरण होय. त्या प्रसंगी तोंड उघडणारा कौरव विकर्ण होता, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

अर्थात हे सभासदत्व सर्वांसाठी खुले नव्हते. स्मृतींनी न्यायसभेतील आसनावर ब्राह्मणांना प्राधान्य दिले. जबाबदारीविषयी इतके सूक्ष्म बोलणारे हे ग्रंथ बसण्याच्या अधिकाराविषयी तितकेच संकुचित आहेत.

मराठेशाहीतील मजलस, महजर आणि बखर

सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी कागदपत्रांत वतनाचे, सीमेचे किंवा मानापानाचे तंटे जेथे निवडले जात त्या सभेला मजलस किंवा गोतसभा म्हणत. निवाड्याच्या पत्राला 'महजर' असे नाव होते. महजराच्या आरंभी किंवा अखेरीस 'हाजिर मजलस' या शब्दांखाली सभेत उपस्थित असलेल्यांची यादी येते. त्यात राजसत्तेचे अधिकारी, देशमुख-देशपांडे, शेटे-महाजन, पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार अशा क्रमाने नावे असत. निवाड्याचे बळ या यादीत असे. तंटा पुन्हा उपटल्यास कोण कोण बसले होते हे दाखवता येई. अक्षर न येणारे आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत; पाटलाच्या नावापुढचा नांगर ही त्यातली सर्वपरिचित खूण. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९५३) या सभांचे विस्ताराने विवेचन केले आहे. मजलशीच्या प्रमुखाला 'सभानायक' आणि प्रश्न विचारणाऱ्याला 'महाप्राश्निक' म्हणत.

गावाच्या शिवेचा वाद असल्यास महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण सीमेची राखण हे त्याचे वतनी काम होते. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याला गावाच्या पंगतीत जागा नव्हती. महजरांतील याद्या वाचताना ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

सभासद हे दरबारी पदनामही होते आणि ते एका ग्रंथाशी कायमचे जोडले गेले. छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजी येथे शिवचरित्र लिहिले. जिंजीचा किल्ला त्या वेळी मोगलांच्या दीर्घ वेढ्यात होता. १६९८ च्या आरंभी तो पडला. 'सभासदाची बखर' या नावाने प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ उपलब्ध शिवचरित्रपर बखरींपैकी सर्वांत जुन्या आणि विश्वसनीय बखरींत गणला जातो. सभेत बसून पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींना इतिहासात जे वजन येते, ते या बखरीला आहे.

दरबारातील जागेचे महत्त्व मराठी वाचकाला आणखी एका प्रसंगावरून परिचित आहे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे करण्यात आले आणि त्यांनी तेथेच संताप व्यक्त केला. मोगल दरबारात उमरावांनी बसण्याची रीतच नव्हती. प्रश्न कोणत्या रांगेत उभे राहायचे एवढाच असे.

पंगत

'सोबत बसणे' या कल्पनेचा मराठी समाजातील सर्वांत काटेकोर नियम न्यायसभेत नव्हे, तर जेवणाच्या पंगतीत पाळला गेला. 'पंगत' हा शब्द संस्कृत 'पंक्ती'पासून आला. ज्याच्या बसण्याने पंगत पवित्र होते तो धर्मशास्त्रानुसार 'पंक्तिपावन' आणि ज्याला पंगतीत घेता येत नाही तो 'अपांक्तेय'. एकाच पंगतीत वाढताना केलेल्या दुजाभावाला 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. आजच्या मराठीत हा शब्द निधीच्या वाटपापासून गुणदानापर्यंत कोणत्याही पक्षपातासाठी वापरला जातो.

कोणाबरोबर बसले यावरून गुन्हा ठरवण्याचे गाजलेले उदाहरण पुण्यातील पंचहौद मिशनचे चहा प्रकरण होय. ऑक्टोबर १८९० मध्ये या ख्रिस्ती मिशनमधील एका कार्यक्रमास शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्यानंतर गोपाळ विनायक जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक ही नावे त्या यादीत होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी आयोग आला आणि रानडे यांच्यासह काहींनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रानड्यांच्या सुधारक सहकाऱ्यांना ही माघार वाटली. महजरात 'हाजिर मजलस' म्हणून येणारी यादी निवाड्याचा आधार असे; येथे सोबत बसलेल्यांची यादी हेच आरोपपत्र झाले.

हा नियम मुलांनाही सुटला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात साताऱ्याच्या शाळेतील आठवण सांगितली आहे. वर्गात त्यांना इतरांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेचा झाडूवाला त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि पुन्हा आणावे लागे. शाळेच्या हजेरीपटावर नाव होते. सोबत बसण्याची मुभा नव्हती. 'सभासद' या शब्दातील नोंद आणि बैठक हे दोन अर्थ किती वेगळे असू शकतात, हे या आठवणीइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

इंग्रजी अमल: असेसर, वर्गणीदार आणि कौन्सिल

इंग्रजी राजवटीत सत्र न्यायालयांतील काही खटले ज्यूरीच्या, तर काही असेसरांच्या साहाय्याने चालत. असेसर हा न्यायाधीशाजवळ बसणारा स्थानिक गृहस्थ. तो मत देई, पण ते न्यायाधीशावर बंधनकारक नसे. स्मृतीतील सभासदाशी त्याचे साम्य उघड असले, तरी चुकीच्या मतासाठी दुप्पट दंडाची तरतूद त्याला लागू नव्हती. १९५५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेतून असेसरांची पद्धत काढून टाकण्यात आली.

याच काळात सार्वजनिक संस्था स्थापन होऊ लागल्या आणि सभासद हा शब्द त्यांच्या घटनांत शिरला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे लागे. एक सभासद म्हणजे पन्नासांचा बसलेला प्रतिनिधी, ही कल्पना त्या काळात नवी होती आणि पुढेही ती फारशी कोणी उचलली नाही.

सभासद शब्दाचा आधुनिक अर्थ घडण्याच्या दृष्टीने १९२० हे वर्ष आणि नागपूर हे शहर यांचा विशेष उल्लेख करावा लागतो. त्या वर्षी, सात महिन्यांच्या अंतराने, येथे दोन मोठ्या सभा भरल्या आणि दोहोंतही सभासद कोण आणि कसा, हाच प्रश्न होता.

पहिली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद. ती मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरली. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार नवी कायदेमंडळे अस्तित्वात येणार होती. त्या काळच्या मराठीत त्यांना कायदेकौन्सिल म्हणत. अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी त्यांत कोणी निवडावेत हा वादाचा विषय होता. ही निवड सरकारने किंवा अस्पृश्यांच्या संस्थांनी न करता कौन्सिलच्या सभासदांनी करावी, अशी भूमिका डिप्रेस्ड क्लासेस मिशनने घेतली होती. आंबेडकरांनी तिला कडाडून विरोध केला आणि परिषदेने ती फेटाळणारा ठराव केला. आधीच बसलेल्यांनी आपला शेजारी निवडायचा, की ज्याला बसायचे आहे त्याच्या समाजाने त्याला पाठवायचे, असे या वादाचे स्वरूप होते. रोममध्ये लोकांनी विचारलेल्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे. मात्र रोममध्ये असलेला अधिकार काढून घेतला जात होता आणि नागपुरात कधीच न मिळालेला अधिकार मागितला जात होता. आंबेडकर स्वतः १९२७ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून दाखल झाले.

दुसरी सभा म्हणजे डिसेंबर १९२० मधील राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन. सी. विजयराघवाचार्य हे अध्यक्ष होते. असहकाराचा ठराव म्हणून हे अधिवेशन लक्षात राहिले असले, तरी काँग्रेसची नवी घटनाही येथेच मंजूर झाली. तिच्यानुसार वर्षाला चार आणे देणारी आणि संघटनेचे ध्येय मान्य असणारी प्रौढ व्यक्ती सभासद होऊ शकली. तोपर्यंत काँग्रेस म्हणजे वर्षातून एकदा मंडपात जमणारे प्रतिनिधी अशी समजूत होती. नागपूरनंतर मंडपात कधीही पाऊल न टाकलेला शेतकरीही पावतीच्या बळावर सभासद झाला. बसण्याची क्रिया शब्दात राहिली आणि व्यवहारातून गेली. या बदलाला केवळ अर्थहानी मानणे योग्य होणार नाही. ज्यांना सतरंजीवर जागा मिळण्याची शक्यता नव्हती, अशा लक्षावधींना त्याने नाव दिले.

वर्गणीचे स्वरूप पुढे एकदा बदललेही. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली, सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सूत देण्याची अट घालण्यात आली. ती फार काळ टिकली नाही आणि चार आण्यांचा पर्याय लवकरच परत आला.

सध्याचा वापर

प्रचलित मराठीत 'सदस्य' आणि 'सभासद' हे समानार्थी मानले जातात, पण त्यांच्या वापरात सूक्ष्म भेद आहे. शासकीय आणि वैधानिक मराठीचा कल 'सदस्य' या शब्दाकडे आहे. विधानसभा सदस्य, ग्रामपंचायत सदस्य, समिती सदस्य असे म्हटले जाते. वर्गणी किंवा भाग घेऊन ज्यात प्रवेश मिळतो तेथे लोक 'सभासद' म्हणतात. पतसंस्था, साखर कारखाना, गृहनिर्माण संस्था, वाचनालय ही त्याची क्षेत्रे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपूर येथे मुख्यालय असलेल्या विदर्भ साहित्य संघासारख्या वाङ्मयीन संस्थांत 'आजीव सभासद' हा शब्दप्रयोग रुळलेला आहे. शेजारच्या हिंदी प्रदेशात, विशेषतः उत्तर प्रदेशात, नगरपालिकेवर निवडून आलेल्या प्रतिनिधीलाही 'सभासद' म्हणतात. मराठीत त्याला नगरसेवक हा शब्द आहे.

सहकारी चळवळीने या शब्दाला विशेषणांची रांग जोडली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मुळे सहयोगी सभासद, नाममात्र सभासद हे शब्द ग्रामीण भागातही परिचयाचे झाले. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत, हे सहकाराचे तत्त्व आहे. कंपनीच्या भागधारकाहून सहकारी संस्थेचा सभासद वेगळा ठरतो तो यामुळे. २०१३ मधील दुरुस्तीने 'क्रियाशील सभासद' ही संज्ञा आली आणि सलग पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहण्याची अट तिला जोडण्यात आली. व्यवहारातून निघून गेलेले बसणे कायद्याने पाच वर्षांतून एकदा तरी परत मागितले, असे म्हणता येईल.

बसू न देण्याचा प्रश्न मात्र संपलेला नव्हता. जातपंचायतींकडून कुटुंबांना वाळीत टाकले जाण्याच्या घटनांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र विधानमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ पासून अमलात आहे. सामाजिक आणि धार्मिक कार्यक्रमांत सहभागी होण्यापासून एखाद्याला रोखणे हा त्यानुसार गुन्हा ठरतो.

कायदेमंडळांच्या परिभाषेत बसण्याचा मूळ अर्थ अजूनही टिकून आहे. सभागृहाच्या कामकाजाचे मोजमाप 'बैठकां'मध्ये होते आणि निवडून येणाऱ्याला 'जागा' मिळते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे मान्य झाले होते आणि राज्यस्थापनेनंतर ती प्रथा सुरू झाली. नागपुरातील हिवाळी अधिवेशनात किती बैठका झाल्या, हा विदर्भातील वृत्तपत्रांचा दरवर्षीचा विषय असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९० नुसार विधानमंडळाचा एखादा सदस्य सभागृहाच्या परवानगीविना साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह त्याची जागा रिक्त झाल्याचे घोषित करू शकते. सभागृह चार दिवसांहून अधिक काळ सलग तहकूब असल्यास ते दिवस यात मोजले जात नाहीत.